सरकारच्या वहीत हलगी नाही

१४ एप्रिल २०२०. सकाळी दहा वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले. बाबासाहेबांना अभिवादन केलं आणि टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढवल्याचं सांगून गेले. आमच्या चाळीत त्या दिवशी गॅलरीला निळा झेंडा होता, खिडकीत मेणबत्ती होती, शेजारणीच्या घरून वाटीभर खीर आली होती. बेंजो मात्र नव्हता. जन्मापासून ऐकलेला तो दणका त्या वर्षी पहिल्यांदा कानावर आला नाही.

आम्ही घरात बसलो. बसायलाच हवं होतं. दहा बाय दहाच्या खोलीत सहा-सात माणसं राहतात, चाळीस खोल्यांना दोन नळ आणि चार संडास. रोग शिरला तर आधी इथंच शिरणार हे आम्हाला कुणी टीव्हीवरून सांगायची गरज नव्हती. त्या वर्षी दीक्षाभूमीचा सोहळा झाला नाही. ६ डिसेंबर २०२० ला चैत्यभूमीवर येऊ नका असं आवाहन झालं, तर लाखोंनी येणारा समाज आला नाही. एरवी शिवाजी पार्कावरच्या आमच्या गर्दीकडं नाक मुरडून बघणाऱ्यांनी हे नोंदवून ठेवायला हरकत नव्हती. कुणी ठेवलं नाही.

पण दोस्तांनो, आज मला शिस्तीचं कौतुक करायचं नाही. त्या शिस्तीचं बिल कुणी भरलं, हे विचारायचं आहे. आणि सुरुवात माझ्यापासून करायची आहे.

मी तेव्हा आमच्या जयंती मंडळाचा सेक्रेटरी होतो. फेब्रुवारीतच एका भीमगीत गायन पार्टीला सुपारी दिली होती. विसार पाच हजार. गायक साठीच्या घरातला. उभी हयात वस्त्यावस्त्यांतून बाबासाहेब गात फिरलेला माणूस. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी त्याला फोन लावला. म्हटलं, काका, कार्यक्रम रद्द. तो म्हणाला, होय, सगळीकडचेच झाले. आणि मग मी, मंडळाचा इमानदार सेक्रेटरी, हिशेबाला चोख, त्याला विचारलं, "काका, विसाराचं काय करायचं?"

थोडा वेळ तो काही बोललाच नाही. मग म्हणाला, "किराण्यात गेले सेक्रेटरी. पुढच्या जयंतीला वळते करून घ्या."

पुढची जयंतीही झाली नाही.

लोक जमले तरच ज्यांची चूल पेटते अशी हजारो माणसं आपल्या भोवती आहेत. बेंजो पार्टी. ब्रास बँड. हलगीवाला, सनईवाला. लग्नाच्या वरातीत डोक्यावर दिवे घेऊन चालणाऱ्या बाया. बांबू बांधणारी, कनात ओढणारी, झुंबर टांगणारी पोरं. वाढपी. हॉलच्या मागच्या बाजूला रात्री दोन वाजेपर्यंत भांडी घासणाऱ्या आयाबहिणी. जत्रेतला पाळणावाला. ६ डिसेंबरला फुटपाथवर चादर अंथरून ग्रंथ, फोटो, बिल्ले मांडणारा विक्रेता. त्याचा वर्षाचा धंदा चैत्यभूमी, दीक्षाभूमी आणि १ जानेवारीचं भीमा कोरेगाव एवढ्यावरच उभा असतो. ही माणसं कोण? जात विचारायची गरज नाही. हलगी कुणाच्या गळ्यात असते आणि आहेराचं पाकीट कुणाच्या खिशात जातं, हे या मुलखात शेंबडं पोरही सांगेल.

तमाशाचं बघा. फड दसऱ्याला उभा राहतो, पण खरा पैसा पाडव्यापासूनच्या दीड-दोन महिन्यांत, गावोगावच्या जत्रांत. नारायणगावात राहुट्या लागतात, गावचे पुढारी येतात, सुपाऱ्या ठरतात. २०२० चा पाडवा २५ मार्चला आला आणि देशाची टाळेबंदी त्याच दिवशी सुरू झाली. काठावर आलेली होडी काठावरच बुडाली. आता यातली गोम समजून घ्या. फडमालक हंगामाच्या सुरुवातीला सावकाराकडून पैसा उचलतो. त्यातनंच कलावंताला 'उचल' देतो. कलावंत ती उचल हंगामभर नाचून, वाजवून फेडतो. हंगाम गेला म्हणजे फक्त कमाई गेली नाही. उचल अंगावर राहिली. मालकावर व्याज चढलं, कलावंतावर मालक चढला. २०२१ लाही जत्रा नाहीत. दोन वर्षं न नाचलेल्या नाचाचं कर्ज नाचणारणीच्या पायात. वेठबिगारी म्हणजे वेगळं काय असतं?

हे २०२० ला सुरू झालं असंही कुणी समजू नये. अण्णाभाऊ साठे १९६९ साली गेले ते दारिद्र्यातच. राष्ट्रपतींचा सन्मान मिळवलेल्या विठाबाई नारायणगावकरांचे शेवटचे दिवस हलाखीत गेले. २००२ साली त्याही गेल्या. महामारीनं नवीन काही केलं नाही. जे एकेकट्याचं मरण होतं ते तिनं घाऊक केलं.

आता सरकारकडं वळू.

सरकारला दुःख दिसलं नाही असं मी म्हणणार नाही. दिसलं. पण सरकारला माणूस दिसत नाही, 'उद्योग' दिसतो. पर्यटन उद्योग. आदरातिथ्य उद्योग. इव्हेंट उद्योग. आकडे मोठे होते, खोटे नव्हते. देशात २०१९ ला १ कोटी ९ लाख परदेशी पाहुणे आले होते, २०२० ला ते २७ लाखांवर आले. केंद्राच्या पर्यटन खात्यानं करवून घेतलेल्या अभ्यासानं सांगितलं की टाळेबंदीच्या पहिल्या तिमाहीतच या क्षेत्रातले १ कोटी ४५ लाख रोजगार गेले. कोटी-कोटीनं माणसं रस्त्यावर. मग मदत निघाली. कशी निघाली ते नीट वाचा.

मे २०२० मध्ये २० लाख कोटींच्या पॅकेजचा गाजावाजा झाला. त्यात धंद्यांना तारण न घेता कर्ज, सरकारची हमी. मार्च २०२१ मध्ये ही हमी हॉटेल, प्रवास, पर्यटनाला लागू झाली. जून २०२१ मध्ये खास पर्यटनासाठी योजना: ट्रॅव्हल एजन्सीला १० लाखांपर्यंत कर्ज, परवानाधारक गाईडला १ लाखापर्यंत कर्ज. २०२२ च्या अर्थसंकल्पात आदरातिथ्य क्षेत्रासाठी ५० हजार कोटींची जादा हमी राखून ठेवली. शहरातल्या फेरीवाल्यांना १० हजारांचं कर्ज जून २०२० मध्येच जाहीर झालं होतं. आपल्या राज्य सरकारनं आदरातिथ्य क्षेत्राला उद्योगाचा दर्जा दिला. १ एप्रिल २०२१ पासून वीज, पाणी, घरपट्टी उद्योगाच्या दरानं.

कर्ज. हमी. सवलत. हमी म्हणजे रोकड नव्हे, हे मला कळतं. हॉटेलवाल्यालाही सरकारनं फुकट वाटलं नाही. पण कर्ज कुणाला मिळतं? ज्याचं खातं आहे, जीएसटी नंबर आहे, बॅलन्सशीट आहे, त्याला. विजेची सवलत कुणाला? ज्याच्या नावावर मीटर आहे त्याला. अजिंठ्याला जाऊन बघा. आपल्या बुद्धाची लेणी. मार्च २०२० मध्ये बंद झाली ती १० डिसेंबरला उघडली, आणि पुढच्या एप्रिलात पुन्हा बंद. तिथं थकल्या पर्यटकाला खुर्चीत बसवून चार माणसं खांद्यावर उचलून पायऱ्या चढवतात. डोलीवाले. गाईडला परवाना असतो, म्हणून त्याला निदान कर्जाचा कागद तरी दाखवता आला. डोलीवाल्याला परवाना कसला? खांदा हाच त्याचा परवाना. खांद्याला बँक कर्ज देत नाही.

आणि आता १४ एप्रिल २०२१. ही तारीख डोक्यात पक्की ठेवा. आदल्या रात्री मुख्यमंत्र्यांनी राज्यात पुन्हा संचारबंदी जाहीर केली. ती जयंतीच्या संध्याकाळी आठ वाजता सुरू झाली. त्याच दिवशी हरिद्वारला कुंभाचं शाही स्नान होतं आणि गंगेत लाखो माणसं उतरली होती. त्याच आठवड्यात आमच्या मुंबईत वानखेडेवर आयपीएलचे सामने चालू होते. प्रेक्षक नव्हते, पण कॅमेरे होते, जाहिराती होत्या, पैसा होता. म्हणजे सोहळा थांबला होता असं नाही. धर्माची सत्ता ज्याच्या मागं त्याचा सोहळा चालू. भांडवल ज्याच्या मागं त्याचाही चालू. दोन्ही ज्याच्या मागं नाहीत त्यानं घरात बसावं. आम्हालाही कुंभासारखी गर्दी करू द्यायला हवी होती, असं मी म्हणत नाही. त्या गर्दीनं काय केलं ते देशानं पाहिलं. मी एवढंच म्हणतो, की नियम सर्वांना सारखा नव्हता आणि त्याची किंमतही सर्वांनी सारखी मोजली नाही.

संचारबंदीच्या त्या घोषणेबरोबर ५,४७६ कोटींचं पॅकेज आलं. नोंदीत बांधकाम कामगाराला १,५०० रुपये. परवानाधारक रिक्षावाल्याला १,५००. नोंदीत फेरीवाल्याला १,५००. आठवड्याभरात नवा आदेश निघाला की लग्न दोन तासांत उरका, माणसं पंचवीस, नियम मोडला तर दंड ५० हजार. पंचवीस माणसांत बँडवाला कुठं बसवणार? त्याचं लग्नातलं पोट आदेशानं कापलं आणि पॅकेजच्या यादीत त्याचं नावच नाही. हलगीवाला नाही, मंडपवाल्याचा पोऱ्या नाही, भांडी घासणारी नाही.

कलावंतांसाठी मदत आली ती ऑगस्ट २०२१ मध्ये. सुमारे ५६ हजार कलावंत, प्रत्येकी ५ हजार रुपये, एकदाच. हिशेब करा. मार्च २०२० पासून सतरा महिने. दिवसाला दहा रुपयेसुद्धा पडत नाहीत. कटिंग चहा येतो. आणि तोही, तुम्ही कलावंत आहात हे कागदावर सिद्ध केलं तर.

इथं मला मुद्द्याला हात घालायचा आहे. बांधकाम कामगाराला पैसे का मिळाले? तो सरकारचा लाडका आहे म्हणून? मुळीच नाही. त्याच्यासाठी तेव्हा १९९६ चा कायदा होता. इमारत बांधणाऱ्याकडून बांधकाम खर्चावर उपकर घेतला जातो, तो कल्याणकारी मंडळाच्या तिजोरीत जमा होतो. संकट आलं तेव्हा तिजोरी होती, वही होती, वहीत नाव होतं. २०२० मध्ये २,००० रुपये खात्यात पडले, २०२१ मध्ये १,५०० पडले. कमी होते, शरम वाटावी एवढे कमी होते, पण मागायला न जाता पडले. जो बांधकाम कामगार वहीत नव्हता तो त्याच नाक्यावर उपाशी राहिला. म्हणजे फरक दुःखाचा नव्हता. फरक वहीचा होता.

वही ही या देशातली जुनी हत्यारबंद गोष्ट आहे. कुलकर्ण्याच्या वहीत ज्याचं नाव, त्याची जमीन. सावकाराच्या वहीत ज्याचा अंगठा, त्याची पिढी गहाण. आपलं नाव नको तिथं लिहिलं गेलं आणि हवं तिथं कधी लिहिलंच गेलं नाही.

आता माझ्या गायकाकडं परत येतो. त्याला कुणीतरी सांगितलं की पाच हजाराचा अर्ज भरा. पुरावा काय? तो माझ्याकडं आला. म्हणाला, "सेक्रेटरी, तुमच्या मंडळात मी इतकी वर्षं गातोय. काहीतरी कागद असेल की."

मी मंडळाच्या वह्या काढल्या. त्याचं नाव कुठंच नव्हतं. 'कार्यक्रम खर्च', पुढं रक्कम. बस्स. दरवर्षी तेच. जुनी हँडबिलं काढली. अध्यक्ष, स्वागताध्यक्ष, प्रमुख पाहुणे, सहकार्य, सौजन्य, चाळीस-पन्नास नावं. खाली कोपऱ्यात, 'भीमगीतांचा बहारदार कार्यक्रम'. कुणाचा? लिहिलंच नाही. सरकारच्या वहीत हलगी नाही म्हणून मी बोंब मारतो आहे. आमच्या वहीत तरी कुठं होती?

त्या दिवशी मला माझी लाज वाटली. ही लाज मी छापतो आहे, कारण ती माझ्या एकट्याची नाही.

आपल्यातलेच काही साथी म्हणतील, मरू दे हा धंदा. हलगी हे जातीनं गळ्यात बांधलेलं लोढणं आहे. बाबासाहेबांनी जातीची कामं सोडायला सांगितली, महाडनंतर आपल्या बापजाद्यांनी मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, मग आता हलगी वाचवायला सरकारच्या दारात का जायचं? या साथींचा राग मला समजतो. गावच्या पाटलाच्या दारात फुकट वाजवण्याची सक्ती कालच मेलेली बरी. पण सोडणं आणि उपाशी मारून सोडायला लावणं यात फरक आहे. बापजाद्यांनी ढोरं ओढायचं सोडलं ती मान ताठ करून सोडलं. २०२० मध्ये हलगी सुटली ती माळ्यावर टाकून, पोट धरून. आणि दुसरं, हेच वाद्य, हाच मंच आपण उलटवूनही दाखवला आहे. भीमराव कर्डकांनी १९३० च्या दशकात जलसा उभा केला तो तमाशाच्या घडणीतूनच. वामनदादा खेडोपाडी गात फिरले म्हणून ज्याला अक्षर वाचता येत नव्हतं त्यालाही बाबासाहेब कळले. चळवळ पुस्तकांइतकीच गळ्यावर चालली. ज्या गळ्यांवर ती चालली त्यांचा पीएफ कुणी भरला?

ज्याला हे काम सोडायचं आहे त्याला सोडता आलं पाहिजे. त्याच्या पोरांना शाळा, शिष्यवृत्ती, दुसरं काम मिळालं पाहिजे. आणि ज्याला करायचं आहे त्याला ते मजुरीच्या हक्कानं करता आलं पाहिजे, बिदागीच्या मेहेरबानीवर नव्हे. दोन्हीला कायदा लागतो.

कायदा कसला? आपल्याच राज्यात १९६९ चा माथाडी कायदा आहे. एकेकाळी हमालाचा मालक कोण हे ठरत नसे. आज या गाळ्यात, उद्या त्या गाळ्यात. माथाडींनी लढून मंडळ मिळवलं. व्यापाऱ्यानं मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची, मंडळानं हमालाला मजुरी, पीएफ, ग्रॅच्युइटी, दवाखाना द्यायचा. हमालाला हे जमलं तर बँडवाल्याला, मंडपवाल्याला, वाढप्याला, तमाशा कलावंताला, डोलीवाल्याला का नाही? त्यांचाही मालक रोज बदलतो. मंडप आणि इव्हेंटच्या बिलावर सरकार १८ टक्के जीएसटी घेतं. त्याच बिलावर शंभरामागं एक रुपया उपकर घ्या आणि तो या माणसांच्या मंडळात टाका. पंचतारांकित लग्नावर घ्या, कंपन्यांच्या जलशांवर घ्या, क्रिकेटच्या तमाशावर घ्या. पुढचं संकट येईल तेव्हा तिजोरी भरलेली असेल.

कुणी म्हणेल, नोंदणी झाली की. ऑगस्ट २०२१ मध्ये ई-श्रम निघालं, कोट्यवधी असंघटितांनी नावं घातली. घातली. पण ज्या मालकासाठी माणूस राबतो, त्याच्या खिशातून ई-श्रमच्या कार्डामागं कुठला उपकर जमा होतो? अपघात झाला तर विमा होता. काम बंद पडणं हा त्यांच्या लेखी अपघात नाही. आणि कलावंतांच्या मानधनाची सरकारी योजना? वयाची पन्नाशी गाठा, कागद जोडा, जिल्ह्याच्या ठराविक कोट्यात नंबर लागेपर्यंत थांबा. महामारीत जिल्हा पातळीच्या कलावंताचं मानधन महिना २,२५० होतं; २०२४ मध्ये ते ५ हजार झालं. वाढलं ते बरं झालं. पण ते म्हाताऱ्याला दिलेलं मानधन आहे, राबणाऱ्याचा हक्क नाही. आपल्याला मान नको, धन हवं. तेही आपल्याच घामाचं.

हे सरकार उद्या सकाळी देणार नाही. म्हणून सुरुवात आपण करायची. प्रत्येक जयंती मंडळानं, प्रत्येक वस्तीतल्या पोरांनी एक वही घालायची. गायकाचं नाव, ढोलकीवाल्याचं नाव, बेंजोवाल्याचं, मंडप बांधणाऱ्या पोरांचं, जेवण रांधणाऱ्या बायांचं. काम काय, दिवस किती, पैसे किती. खाली मंडळाचा शिक्का. एक प्रत त्याच्या हातात, एक आपल्याकडं. हँडबिलावर पाहुण्यांची दहा नावं कमी करा आणि कलावंताचं नाव मोठ्या टायपात छापा. पाच वर्षं अशा वह्या साठल्या तर त्या ढिगाऱ्यावर उभं राहून कामगार खात्याला विचारता येईल, ही घ्या माणसं, हे घ्या पुरावे, आता मंडळ कुठं आहे?

निर्बंध १ एप्रिल २०२२ ला उठले. त्या वर्षी जयंती जोरात झाली. दोन वर्षांची कसर काढायची म्हणून मंडळानं डीजे आणला, त्याला मोजलेले पैसे सांगायला मला आजही संकोच वाटतो. माझा गायक त्या दिवसांत एका सोसायटीच्या गेटवर रात्रपाळीला होता. १३ एप्रिलच्या रात्री तो सुट्टी टाकून आला. हातात पेटी, बरोबर फक्त ढोलकीवाला. म्हणाला, "विसार फेडायला आलोय, सेक्रेटरी. अंगावर ठेवून मरायचं नाही."

डीजे लावायच्या आधी अर्धा तास तो गायला. पोरं डीजेची वाट बघत उभी होती. गाणं झाल्यावर मी त्याला पैसे देऊ केले, त्यानं घेतले नाहीत. म्हणाला, "फिटले."

फिटले नाहीत, काका. तुमचे आमच्याकडं निघतात. त्या रात्री मी मंडळाच्या वहीत 'कार्यक्रम खर्च' खोडलं आणि तुमचं पूर्ण नाव लिहिलं, ढोलकीवाल्याचंही लिहिलं. एवढंच माझ्या हातात होतं, आणि तेही मी किती वर्षं उशिरा केलं.

बाकीचं सगळ्यांच्या हातात आहे. वह्या काढा.

जय भीम.